अभ्यासपाठ : गुलाबाच्या नावाचा मासा



या महिन्याच्या पाठाचा विषय वाचून काहीजणी नक्की म्हणतील, "शेळ्या, परसबाग आणि कर्जाचे हप्ते सोडून हे समुद्राच्या तळाचं काय काढलं?" प्रश्न बरोबर आहे. पण हा पाठ जितका माशाचा आहे, तितकाच नोंदीचाही आहे. सातबाऱ्यावर नाव नसलं की काय होतं, रेशनकार्डात नाव चढवायला किती फेऱ्या माराव्या लागतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. एका बोटभर माशाच्या बाबतीतही असंच झालं. तो समुद्रात होता, लोकांनी पाहिलेला होता, बाजारात विकलाही जात होता, पण त्याला स्वतःचं नाव नव्हतं. ते मिळायला जवळपास तीस वर्षं गेली.

हा मासा मालदीवचा. मालदीव हा देश आपल्या लक्षद्वीपच्या खाली, दक्षिणेला आहे. हिंदी महासागरात सुमारे १२०० छोटी बेटं आणि त्यांच्याभोवती प्रवाळांचे खडक, असा तो सगळा देश. प्रवाळ म्हणजे पोवळं. अंगठीतलं किंवा माळेतलं लाल पोवळं आपण पाहिलेलं असतं आणि त्याला खडा समजतो. मुळात तो समुद्रातल्या लहान लहान जिवांनी बांधलेला सांगाडा असतो. अंगठीतलं पोवळं आणि खडक बांधणारं प्रवाळ ही एकाच मोठ्या कुळातली वेगवेगळी भावंडं. खडक बांधणारे हे जीव पिढ्यान् पिढ्या एकावर एक चुनखडीची घरं रचत जातात आणि त्याचा डोंगर होतो. त्या डोंगराच्या कपारीत, फटीत, आडोशाला हजारो प्रकारचे मासे, खेकडे, शिंपले राहतात. आपल्या गावाबाहेरच्या जुन्या वडात जशी पाखरं, खारी, मुंग्या, सरडे सगळ्यांची बिऱ्हाडं असतात, तसंच समजा.

अशा प्रवाळाभोवती राहणाऱ्या छोट्या माशांचं एक कुळ आहे, सिरिलॅब्रस. इंग्रजीत त्यांना परी म्हणतात, इतके ते रंगीत. पाण्यात तरंगणारे बारीक जीव खाऊन ते जगतात आणि थव्याने राहतात. यांची एक गंमत ऐका. यांतले मासे आधी मादी असतात. वाढताना त्यांतल्या काहींचा नर होतो, आणि नर झाला की रंग पालटतो, अधिक भडक होतो. म्हणजे पिल्लू एका रंगाचं, मादी जवळपास तशीच, आणि नर बघावा तर वेगळाच कोणीतरी वाटावा. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

मालदीवच्या दक्षिणेला साधारण १००० किलोमीटरवर चागोस नावाची बेटं आहेत. मुंबईहून नागपूर जितकं लांब, त्याहूनही जास्त अंतर. तिथे सापडलेल्या या कुळातल्या एका माशाला १९८३ साली शास्त्रज्ञांनी नाव दिलं, सिरिलॅब्रस रुब्रिस्क्वामिस. दुसऱ्या शब्दाचा अर्थ लाल खवल्यांचा. पण हातात नमुना होता एकच, आणि तोही पिल्लाचा. मोठेपणी हा मासा कसा दिसतो, नराचा रंग कोणता, हे कोणाला माहीत नव्हतं.

मग १९९०च्या दशकात मालदीवमध्ये असाच एक गुलाबी-लाल मासा मिळाला. हे मोठे, पूर्ण वाढलेले मासे होते. अभ्यासकांनी विचार केला, चागोसच्या पिल्लाचं मोठेपण ते हेच असणार. तर्क वाईट नव्हता. रंग जुळत होता, कुळ एकच होतं, समुद्रही एकच. झालं, मालदीवचा मासाही त्याच नावाखाली गेला.

ज्या बायका शिवणकाम करतात त्यांना यातली अडचण लगेच कळेल. समजा, दुकानात मापाचा कागदी काप फक्त एकच आहे, आणि तोही चार वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकचा. आता समोर एक पूर्ण ब्लाउज आणून ठेवला आणि विचारलं, हा याच कापावरून शिवलाय का? तुम्ही अंदाजाने हो म्हणाल. पण खात्री कशी देणार? शास्त्रातही तसंच असतं. प्रत्येक प्रजातीचा एक मूळ नमुना संग्रहालयात जपून ठेवलेला असतो. पुढे कधीही वाद झाला की त्या नमुन्याकडे जायचं. तो नमुनाच लहान असेल, तर मोठ्यांशी तुलना करताना पंचाईत होते.

वर्षं गेली. तोपर्यंत व्यापाऱ्यांचं लक्ष या माशाकडे गेलं होतं. शहरांतल्या घरांत, हॉटेलांत काचेच्या टाक्या असतात, त्यांत शोभेचे मासे ठेवतात. समुद्राच्या शोभेच्या माशांचा जगभर मोठा व्यापार चालतो. जितका रंगीत, जितका दुर्मीळ, तितका भाव जास्त. मालदीवचा हा मासा पकडून बाहेर पाठवला जात होता. विकणाऱ्याकडे त्याचा भाव होता, घेणाऱ्याला त्याची आवड होती. पण तो नेमका कोण आहे, हे कागदावर चुकीचं लिहिलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, चुकीचं नाव असलं म्हणून माशाचं काय बिघडलं? तो पोहायचा थांबला का? नाही थांबला. पण आपल्या गटाच्या हिशोबाशी ताडून बघा. दोन गटांची बचत एकाच खात्यावर जमा होत राहिली, तर खात्यात पैसे भरपूर दिसतात. पासबुक पाहून सगळ्या निर्धास्त. एका गटाची शिल्लक पार संपत आली तरी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण बेरीज मोठी दिसते. चागोसचा मासा आणि मालदीवचा मासा एकच धरला, तर कागदावर असं दिसतं की ही प्रजाती केवढ्या लांबीच्या समुद्रात पसरली आहे, मग काळजी कशाला? प्रत्यक्षात ते दोन वेगळे निघाले, तर प्रत्येकाचं घर त्या मानाने लहान. मालदीवमध्ये जास्त पकड झाली, तर चागोसहून भर पडेल ही आशाच खोटी. शिवाय किती मासे पकडायचे, कोणते बाहेर पाठवायला बंदी, हे नियम नावाने लिहावे लागतात. ज्याला नाव नाही, त्याच्यासाठी नियम कोणत्या ओळीत लिहिणार?

या माशाचा पुन्हा नीट अभ्यास करायचं काम ज्यांनी हाती घेतलं, त्यांत तिघांची नावं सांगते. मालदीवच्या सागरी संशोधन संस्थेतले जीवशास्त्रज्ञ अहमद नजीब, ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठात तेव्हा पीएचडी करणारे यी-काय टी, आणि अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस या संस्थेत माशांचा विभाग पाहणारे लुईझ रोचा.

आता मासा मिळवायचा कसा, तेही बघू. हा राहतो ४० ते ७० मीटर खोल, म्हणजे साधारण १३० ते २३० फूट. आपल्याकडची चांगली खोल विहीर चाळीस-पन्नास फुटांची धरली, तर तीन ते पाच विहिरी एकाखाली एक ठेवल्यासारखं. एवढ्या खोलीवर पाण्याचा दाब भयंकर असतो. दर दहा मीटरला आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेइतका आणखी एक भार वाढतो. तिथे गेलेल्या माणसाने घाईने वर यायचं नाही. आलं तर रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली एकदम उघडल्यावर होतात तसे, आणि माणूस जिवाला मुकू शकतो. म्हणून खाली काही मिनिटं काम आणि वर येताना टप्प्याटप्प्याने थांबत थांबत यायचं. साध्या टाकीतली हवा त्याला पुरत नाही. म्हणून एक खास यंत्र पाठीवर घेतात. ते सोडलेला श्वास गोळा करतं, त्यातला कर्बवायू शोषून घेतं, प्राणवायू भरतं आणि तीच हवा परत देतं. त्यातून बुडबुडेही निघत नाहीत, त्यामुळे मासे बुजत नाहीत.

एवढ्या खोलीवर सूर्याचा उजेड जेमतेम पोहोचतो. तिथे दिवसाही तिन्हीसांज असते. आणि एक नवल म्हणजे लाल रंग पाण्यात सगळ्यांत आधी विरतो. थोड्याच खोलीवर लाल वस्तू मळकट, काळपट दिसू लागते. म्हणजे हा इतका देखणा गुलाबी-लाल मासा खाली विजेरीशिवाय साधाच दिसणार. बॅटरीचा झोत टाकला की त्याचा खरा रंग उमटतो. मला यात मोठी मजा वाटते. ज्याच्यासाठी लोक पैसे मोजतात तो रंग त्याच्या स्वतःच्या घरात नीट दिसतही नाही.

मासा हातात आला की खरं काम सुरू होतं, आणि ते कंटाळवाणं असतं. आधी ताजा असतानाच फोटो काढायचे, कारण औषधाच्या पाण्यात ठेवला की रंग उडतो. मग मोजमाप. अंगावर कुठल्या भागात किती खवले, ते एकेक मोजायचे. पाठीवरच्या पंखात उभे काटे असतात, त्या प्रत्येक काट्याची उंची मोजायची. नराचा रंग कसा, पिल्लाचा कसा, ते लिहायचं. एक मासा मोजून भागत नाही. लहान, मोठे, वेगवेगळे घ्यावे लागतात, कारण आपल्यातही सगळ्या बहिणी सारख्या उंचीच्या नसतात. मग पेशीतला वारशाचा मजकूर तपासायचा. यावरून रक्ताचं नातं किती जवळचं ते कळतं. आणि हे सगळं घेऊन पुन्हा त्या चागोसच्या जुन्या पिल्लाकडे जायचं. मालदीवची पिल्लं त्याच्याशेजारी ठेवून पाहायची.

या टोळीने मोठ्यांबरोबर पिल्लंही तपासली, हा मुद्दा महत्त्वाचा. पिल्लाची तुलना पिल्लाशी झाली आणि फरक दिसला. खवल्यांची संख्या, काट्यांची उंची, रंग, वारशाचा मजकूर, सगळं मिळून उत्तर आलं की हे दोन वेगळे मासे आहेत. चागोसचा तो रुब्रिस्क्वामिसच, पण मालदीवचा वेगळा, आणि त्याला अजून नाव नाही.

नाव देण्याचेही नियम आहेत. मनाला येईल ते लिहून चालत नाही. आपल्या मतदार यादीत आधी आडनाव आणि मग नाव असतं, तसं प्राण्याचं नावही दोन शब्दांचं, आधी कुळ मग स्वतःचं. स्वीडनच्या लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने १७५८ साली ही पद्धत प्राण्यांसाठी घालून दिली, ती आजही चालते. नवीन नाव छापून प्रसिद्ध व्हावं लागतं. त्याआधी दुसरे जाणकार मजकूर तपासतात, शंका काढतात, दुरुस्त्या मागतात. आपल्या गटाचं लेखापरीक्षण होतं ना, तसं. त्यात वही नीट नसली की परत पाठवतात. आणि एकदा नियमाप्रमाणे नाव पडलं की ते कोणाला आवडलं नाही म्हणून बदलता येत नाही.

मार्च २०२२ मध्ये 'झूकीज' नावाच्या शास्त्रीय नियतकालिकात हे नाव प्रसिद्ध झालं, सिरिलॅब्रस फिनिफेनमा. फिनिफेनमा हा मालदीवच्या दिवेही भाषेतला शब्द आहे, अर्थ गुलाब. गुलाबी गुलाब हे मालदीवचं राष्ट्रीय फूल आहे आणि माशाचा रंगही तसाच. दिवेही ही भाषा मराठीच्याच मोठ्या कुळातली. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावरचे लोकही तिचाच एक प्रकार बोलतात. त्या भाषेत 'फेन' म्हणजे पाणी आणि 'मा' म्हणजे फूल. 'फेन' आणि आपलं 'पाणी' हे शब्द मुळात एकाच घरचे आहेत. इतक्या लांबच्या माशाच्या नावात आपलं पाणी निघालं की नाही?

पण या नावात गुलाबापेक्षाही मोठी गोष्ट आहे. मालदीवच्या समुद्रातल्या शेकडो माशांना आजवर नावं दिली गेली, ती बाहेरून आलेल्या शास्त्रज्ञांनी दिली. त्या देशाच्या माणसाने पुढे होऊन आपल्या समुद्रातल्या माशाची रीतसर नोंद केली, असं पहिल्यांदा घडलं ते या माशाच्या वेळी. नजीब यांनी स्वतः हे बोलून दाखवलं की, जे मासे फक्त मालदीवमध्येच आढळतात त्यांच्या कामातही इथल्या लोकांचा फारसा सहभाग नसायचा. समुद्र त्यांचा, मासा त्यांचा, होडी चालवणारा त्यांचा, आणि कागदावर नाव दुसऱ्याचं. आपल्या बायकांना हे ऐकून फार आश्चर्य वाटणार नाही. पेरणी, खुरपणी, कापणी आपण करायची आणि शेतकरी म्हणून नोंद घरच्या पुरुषाची.

मी इथे बाहेरच्या शास्त्रज्ञांना नावं ठेवत नाही. त्यांनी कष्ट घेतले, पैसा उभा केला, म्हणून पुष्कळ गोष्टी समजल्या. या कामातही अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाची माणसं होतीच. फरक इतकाच की या वेळी स्थानिक माणूस सोबतीला ठेवलेला नव्हता, तो काम करणाऱ्यांत होता.

व्यापाराचा मुद्दा मात्र अजून शिल्लक आहे. रोचा यांनी सांगितलं की हा मासा सध्या भरपूर आहे, लगेच संपेल अशी भीती नाही. तरी शास्त्राने नाव देण्याआधीच एखादा मासा बाजारात विकला जातो, याने अस्वस्थ व्हायला होतं, असंही ते म्हणाले. मला त्यांचं म्हणणं पटतं. शोभेसाठी घेणारा अर्थातच सगळ्यांत देखणा मासा मागतो, आणि या कुळात देखणा असतो तो नर. एका थव्यात नर कमी, माद्या जास्त. नरच उचलत गेलं तर एखादी मादी पुढे नर होते हे खरं, पण त्याला वेळ लागतो. किती उचलले तर थवा तग धरतो, हा हिशोब त्या प्रजातीचाच मांडावा लागतो. भलत्याच नावाच्या वहीत तो मांडता येत नाही.

त्यात समुद्र तापतोय. १९९८ साली आणि पुन्हा २०१६ साली मालदीवचं पाणी नेहमीपेक्षा जास्त गरम झालं आणि पुष्कळ प्रवाळ पांढरे पडले. प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळासारखे जीव राहतात, तेच त्याला अन्न पुरवतात आणि रंगही देतात. पाणी फार तापलं की प्रवाळ त्यांना बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उपाशी राहतो. गारवा लवकर आला तर सावरतो, नाहीतर मरतो. वरच्या उथळ भागावर याचा जास्त मार बसतो. खोलातल्या तिन्हीसांजेच्या पट्ट्यात कोण कोण राहतं हे तर अजून नीट पाहिलेलंच नाही. ज्या मोहिमेत फिनिफेनमाचे नमुने घेतले, त्याच मोहिमेत आणखी किमान आठ मासे असे दिसले की जे बहुधा शास्त्राला नवीन आहेत. म्हणजे आठ जण तेव्हा रांगेत उभे होते.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात प्रवाळ आहे हे पुष्कळांना माहीत नसतं. मालवणच्या समुद्रात आहे, म्हणून तर तिथला भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात पाण्याखाली एक मोठं पठार आहे, आंग्रिया बँक. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून ते नाव पडलं. तिथेही प्रवाळ आहे. वेंगुर्ल्यात महिला बचत गटाने कांदळवनात होडीची सफारी सुरू केली, ते काही जणींनी ऐकलं असेल. पाहुण्याला होडीत बसवून या बायका झाडांची, पक्ष्यांची नावं सांगतात. नाव माहीत असणं हेच तिथे कमाईचं साधन झालं आहे.

आणि आपलं पापलेट? २०२३ साली ते महाराष्ट्राचा राज्यमासा झालं. किती वर्षं सगळ्या पुस्तकांत आपल्या पापलेटाचं शास्त्रीय नाव पॅम्पस आर्जेंटियस असं लिहीत होते. ते नाव मुळात चीनकडच्या समुद्रातल्या माशाला दिलेलं. अलीकडे आपल्या अभ्यासकांनी मोजमाप आणि वारशाचा मजकूर दोन्ही तपासलं तेव्हा दिसलं की आपल्याकडचं पापलेट वेगळं आहे, त्याचं बरोबर नाव पॅम्पस कँडिडस. म्हणजे रोज बाजारात विकला जाणारा, शहरात पाहुण्यांना कौतुकाने वाढला जाणारा मासासुद्धा इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावावर होता. तर खोल समुद्रातल्या बोटभर माशाचं काय घेऊन बसलात!

बांगड्याची गोष्ट त्याहून गोड. त्याचं शास्त्रीय नाव रास्ट्रेलिगर कानागुर्ता. हा दुसरा शब्द तेलुगू आहे. दोनशे वर्षांपूर्वी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरचे लोक ज्या नावाने हा मासा ओळखत होते, ते नाव एका ब्रिटिशाने लिहून घेतलं, आणि पुढे फ्रान्सच्या शास्त्रज्ञाने तेच कायम केलं. कोणी विचारलं आणि कोणी सांगितलं, म्हणून ते राहिलं. सांगणाऱ्याचं नाव मात्र कुठे लिहिलेलं नाही.

हे सगळं आपल्या गावात कुठे लागू पडतं, ते सांगते. २००२ साली जैवविविधता कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि तिच्या सदस्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. या समितीचं मुख्य काम म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही करणं. गावातली झाडं, पिकांचे जुने वाण, रानभाज्या, औषधी वनस्पती, मासे, पाखरं आणि त्यांची माहिती लोकांना विचारून लिहायची. पुष्कळ ठिकाणी ही नोंदवही एकदा कोणीतरी भरून कपाटात ठेवलेली असते. तुमच्या पंचायतीत ती आहे का, हे ग्रामसंघाच्या बैठकीतून विचारा. बघायला मागा. तुमच्या सासूबाई, आजी ज्या रानभाज्या आणतात त्या त्यात आहेत का ते तपासा. समितीवर कोणत्या बायकांची नावं आहेत, त्यांना ती नावं तिथे असल्याचं माहीत तरी आहे का, तेही विचारा. भाजीची खूण कशी ओळखायची, कुठल्या महिन्यात येते, कशी शिजवायची, हे ज्ञान बायकांकडे असतं. ते लिहिताना माहिती कोणी दिली त्या रकान्यात तिचं स्वतःचं नाव यायला हवं.

काहीजणी म्हणतील, आम्हाला कुठे शास्त्र येतं? येतं. त्यासाठी एक छोटा अभ्यास पुढच्या बैठकीत करून बघा. घोळ आणि चिवळ या दोन्ही भाज्या आपण ओळखतो. दोघी एकाच पोर्टुलाका कुळातल्या, म्हणजे आडनाव एकच. बाजारात कोणी चिवळ म्हणून घोळ दिली तर आपण घेणार नाही. पण ओळखतो कशावरून? "बघितल्यावर कळतं" हे उत्तर चालणार नाही, कारण वाचणाऱ्याने ती बघितलेलीच नाही. शब्दांत लिहायचं आहे. दोन्हींची मुळासकट एकेक जुडी आणा. दोन-दोन जणींच्या जोड्या करा. पान किती मोठं, ते पट्टीने मोजा. घोळीचं पान जाड, मोठं, पळीसारखं. चिवळीचं अगदी बारीक. देठ केवढा जाड, रंग कसा, ते लिहा. पानं देठावर समोरासमोर आहेत की कशीही, ते बघा. चिवळीच्या पेऱ्यापाशी बारीक पांढरी लव असते, ती दिसते का पाहा. आणि मग फुलाच्या पाकळ्या मोजा. फूल दोन्हींचं पिवळंच, पण घोळीच्या फुलाला सहसा पाच पाकळ्या आणि चिवळीच्या फुलाला चार. नजीब आणि त्यांच्या सोबत्यांनी माशाचे खवले मोजले, ते काम याच जातीचं आहे.

लिहून झालं की कागदांची अदलाबदल करा. ज्या बाईने ती जुडी पाहिलेली नाही, तिला फक्त कागद वाचून भाजी ओळखता येते का ते बघा. नाही आली तर कागदात काय कमी पडलं ते शोधा आणि पुन्हा लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, दुसरीने लिहायचं, पण सांगणारीचं नाव वर घालायचं. चांगले उतरलेले कागद प्रभागसंघाकडे पाठवा, आपण ते या पत्रिकेत छापू.

फक्त एक करा, बैठक सकाळी लवकर ठेवू नका. घोळीचं आणि चिवळीचं फूल ऊन चांगलं चढल्यावरच उमलतं, नाहीतर पाकळ्या मोजायला मिळणार नाहीत.